सोमवारची पत्री

"माणिकप्पा, हे पान हाय का चाळणी?"

वीरभद्रप्पानं बेलाचं पान दोन बोटांत धरून उन्हाकडं केलं आणि एक डोळा मिटून त्याच्या भोकातून पाहिलं. ओसरीवर मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली, तीन-चार माणसं बसली होती. श्रावणातला सोमवार, सगळ्यांना उपास. चहा आणि चेष्टा सोडून दुसरं काही कुणाच्या पोटात जाणार नव्हतं.

"अरारा! किल्ल्याचा बुरूज दिसून राहिला की यातून!"

माणसं हसली. माणिकप्पा फुलारी टोपली घेऊन पायरीखाली उभा होता, तोही हसला. हे काही गिऱ्हाईक नव्हतं, घर होतं. घराशी हसावं लागतं.

"आळीनं खाल्लंय, मालक. दुष्काळाचं साल. तिला तरी दुसरं हिरवं कुटं हाय?"

"मंग तिलाच नेऊन घाल की सगळं! देवाला उष्टं कामून आणतोस?" वीरभद्रप्पानं पान टोपलीत टाकलं. "पावडर मार जरा, मोंढ्यात माझ्याच दुकानात हाय. सारं जग मारून राहिलंय. पुढच्या सोमवारी एक जरी भोक दिसलं, तर लातूरहून पत्री मागवतो बघ. आता जिल्हा झालाय लातूर. पाहिजे ते मिळतंय तिथं."

तेवढ्यात आतून देवघरातून आवाज आला, "माणिक्या, बा इकडं! त्याचं काय ऐकतोस?"

ही लक्ष्मम्मा, वीरभद्रप्पाची आई. माहेर कानडी मुलखातलं. उदगिरात येऊन साठ वर्षं झाली तरी 'ये' म्हणायचं झालं की तिच्या तोंडून 'बा'च निघायचं. रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाली की लिंगावरचं एक पान काढून चावून खायची. मगच पाण्याचा घोट.

तिनं टोपलीत हात घालून पानं निवडली. "अखंड हायेत तेवढी देवाला. भोकाचं एक मला. देवाच्या आधी कुणी तरी जेवून गेलंय, बरंच झालं की! मला त्याचं उष्टं चालतंय."

"अव्वा, तुमी हायसा म्हणून," माणिकप्पा म्हणाला, आणि टोपली उचलून पुढच्या घराकडं निघाला.

उदगिरात लिंगायतांच्या घरोघर रोज सकाळी फुलं आणि पत्री पोचवायची, हे माणिकप्पाच्या घराण्याचं काम. पत्री म्हणजे बेल. एका देठाला तीन पानं, आणि तिन्ही धडकी, कुठं न फाटलेली. पगार-बिगार नाही. सुगीत घरटी ज्वारी, सणाला ताट. पण फुलाऱ्यावाचून घराचं पान हलत नाही. पोरगं झालं, फुलारी. लग्न निघालं, फुलारी. माणूस गेलं तरी फुलारीच. लिंगायत आपलं माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्या खड्ड्यात माणसाच्या अंगावर विभूती आणि बेल पडावा लागतो, आणि तो फुलाऱ्यानंच आणावा लागतो. माणिकप्पाला जगात दुसरं काही येत नव्हतं. हे मात्र येत होतं.

त्याची बाग बघायला कुणी आलं असतं तर म्हणालं असतं, कुठंय बाग? किल्ल्याच्या मागच्या अंगाला मुरमाड तुकडा, एक आड, मधोमध आजोबानं लावलेला बेल. भोवती कण्हेर, रुई, तरवड, धोत्रा. कुंपणाला करवंदी आणि बोरी. महादेवाला चालणारी फुलं बघा, सगळी माळावरची. गुलाब-बिलाबाचे लाड त्याला लागत नाहीत.

पूर्वी माणिकप्पाही बाकीच्यांसारखाच होता. पहाटे जायचा आणि झाड ओरबाडून यायचा. आळी दिसली की चिरडायचा. बहात्तरच्या दुष्काळानं त्याला धडा दिला. त्या साली तो आणि बसम्मा, त्याची बायको, खडी फोडायला जात होते. कामावर टँकरनं प्यायचं पाणी यायचं. त्यातलं अर्धं बसम्मा तांब्यात राखायची, पदराखाली झाकून घरी आणायची आणि बेलाच्या बुडाला घालायची. बेल जगला. पुढच्या साली पाऊस झाला, बेल बहरला, आणि बहर सगळा गळून पडला. एक बेलफळ धरलं नाही. धरणार कसं? माशी नाही, भुंगा नाही, पाखरू नाही. पहाटे फुलं तोडताना माणिकप्पाला स्वतःच्या नखानं देठ तुटल्याचा आवाज ऐकू यायचा. चांगला चाळिशीचा बाप्या, पण त्याला भ्या वाटलं. एक दिवस तो तोडता तोडता मुद्दाम खोकला, कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून.

तेव्हापासून त्यानं झाडाला एक फांदी सोडायला सुरुवात केली. तिच्यावरचं फूल तोडायचं नाही, आळी मारायची नाही. कुंपणाचे काटे छाटायचे नाहीत. बेलाच्या खालच्या फांदीला मातीचं परळ टांगलं आणि बसम्मा त्यात रोज पाणी घालू लागली. मग हळूहळू एकेक परत आलं. फुलोरी माश्यांनी करवंदीत पोळं धरलं. बुलबुल आले. कण्हेरीच्या फुलात वाकडी चोच घालणारा निळा-काळा शिंजीर आला. आणि ते काळं-पिवळं फुलपाखरू आलं, जे बेलावर अंडी घालतं आणि ज्याची आळी पत्री खाते. तिला बोट लावलं की डोक्यातून दोन तांबडी शिंगं बाहेर काढायची. माणिकप्पाला तिचं लई हसू यायचं. "एवढीशी हायस, आन मला भ्या दाखवतीस व्हय?"

कुंपणापलीकडं धुरपताबाईचा दोडक्या-कारल्यांचा मांडव होता. तिच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पत्रीचं तिला काही काम नव्हतं, पण माश्यांचं होतं. सकाळी माश्या मांडवावर आल्या की ती कुंपणावरून ओरडायची, "मामा, तुमचे गडी आले बगा माझ्या कामाला!"

"मंग दोडके दे की त्यांच्या मजुरीचे."

"गडी तुमचे, मजुरी तुमीच द्या!" असं म्हणायची आणि दोन दोडके टाकायची अलीकडं.

तर असं चाललं होतं. मग लातूर जिल्हा झाला. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं. जीपगाड्या वाढल्या. दोन-तीन वर्षं गेली आणि पावसानं पुन्हा तोंड फिरवलं. पाटी कुठल्या जिल्ह्याची आहे ते काही पावसानं बघितलं नाही.

श्रावण आला तरी माळ पांढराफट्ट. सगळीकडं फुफाटा. हिरवं म्हणून काय ते माणिकप्पाच्या आडाभोवती. मग काय, चहूकडची फुलपाखरं त्या एका बेलावर आली, चहूकडची पाखरं त्या एका परळावर. आळ्या एवढ्या झाल्या की सोडलेली फांदी फस्त करून त्या बाकीच्या झाडावर चढल्या. पत्रीला भोकं पडली ती अशी.

वीरभद्रप्पाच्या त्या सोमवारनंतरच्या रविवारी विरूपाक्ष आला. माणिकप्पाचा एकुलता एक. नव्या जिल्ह्यात कुठल्याशा ऑफिसात चपराशी लागला होता, रविवारी एस्टीनं यायचा. बाप पत्री निवडत बसला होता आणि आळी दिसली की उचलून झाडावर सोडत होता. ते बघून पोराचं डोकं फिरलं.

"दादा, आमच्या ऑफिसाची बाग बगा यून एकदा. एक पान फाटलेलं न्हाई."

"पाखरं येतेत का?"

"ऑफिसात पाखरं कशाला पाहिजेत?"

"मंग बाग कुणासाठी केलीया?"

"सायबासाठी."

"सायेब येतो का बागंत?"

"न्हाई. खिडकीतून बगतो."

"हां," माणिकप्पा म्हणाला, आणि तपकिरीची चिमूट नाकात भरून शिंकला.

विरूपाक्ष हसला नाही. "तुमाला मोंढ्यात काय म्हनतेत, मालूम हाय? चाळणीवाला. आज स्टँडवर एक जण मला म्हनला, चाळणीवाल्याचा पोरगा न्हवं का तू?" बोलताना तो बापाकडं बघत नव्हता, पायातल्या नव्या बुटाकडं बघत होता. चुलीपाशी बसम्मानं भाकरी थापता थापता हात थांबवला.

आता एक रीत सांगायला पाहिजे. सोमवारी बेल तोडत नाहीत. महादेवाचा वार, त्या दिवशी झाडाला हात लावायचा नाही. सोमवारची पत्री रविवारीच तोडून ठेवायची. माणिकप्पानं दिवस कलता कलता पत्री तोडली. वीरभद्रप्पाच्या घरासाठी एकेक पान उन्हाला धरून बघितलं, अखंड तेवढी वेगळ्या टोपलीत घातली, वर ओलं फडकं टाकलं आणि तो मठात भजनाला गेला. पोरगाही परतीच्या गाडीनं लातूरला गेला.

सोमवारी सकाळी माणिकप्पानं फडकं उचललं. पानांबरोबर बारक्या आळ्या टोपलीत आल्या होत्या. पाखराच्या शिटेसारख्या दिसतात त्या लहान असताना, चटकन ओळखू येत नाहीत. रात्रभर पंगत बसली होती त्यांची. एक पान धड ठेवलं नव्हतं.

"सटव्यांनो," तो म्हणाला, "आजच?"

बसम्मा कुठं पाण्याला गेली होती. माणिकप्पा टोपली पुढ्यात घेऊन बसून राहिला. वीरभद्रप्पाचं घर सुटलं की मागोमाग बाकीची सुटणार, हे त्याला कळत होतं. मोंढा त्या घराकडं बघून चालतो. घरं सुटली की मग माणिकप्पा कोण? मुरमाड तुकड्यावरचा एक म्हातारा.

तो उठला. बेलाखाली उभा राहिला. बापानं सोमवारी या झाडाला हात लावला नव्हता, आजानं लावला नव्हता. त्यानं हात जोडले. "एक डाव पोटात घाल," म्हणाला, आणि वर चढला. शेंड्याकडची कोवळी, धडकी पत्री तोडली. पानांवर पांढरट काही होतं, पण त्या साली पांढरं काय नव्हतं? माणसांच्या भुवयासुद्धा फुफाट्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. वासाचं म्हणाल तर तपकिरीनं त्याचं नाक कधीच मेलं होतं. त्यानं ओल्या फडक्यानं पानं वरवर पुसली आणि निघाला. ती पत्री वीरभद्रप्पाच्या घरची. बाकीच्या घरांना रविवारची, भोकांची.

वीरभद्रप्पानं पान उन्हाला धरलं. उलटंपालटं केलं. भोक नाही.

"हां! अश्शी!" तो खुशीत आला. "मारलीच की न्हाई शेवटी?"

"काय मारली, मालक?"

"काई न्हाई, काई न्हाई. जा. अव्वा वाट बगून राहिलीय."

लक्ष्मम्माच्या पुढ्यात टोपली ठेवून माणिकप्पा बाकीची घरं फिरला. सगळीकडं उजळ मानेनं वागला, पण आत काहीतरी टोचत होतं. घरी पोचतो तर कुंपणावरून धुरपताबाई.

"मामा, हिकडं या जरा. तुमच्या माश्या मरून पडून राहिल्यात."

मांडवाखाली, करवंदीखाली, बेलाखाली, जिकडं तिकडं माश्या पडल्या होत्या. काही अजून जागच्या जागी गोल फिरत होत्या. परळाच्या काठावर शिंजीर उताणा पडला होता, पाय आखडून, आणि परळातल्या पाण्यावर पांढरी साय धरली होती. माणिकप्पानं पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. पिठासारखं लागलं.

"बसम्मा!"

ती दारात आली, आणि त्याच्या हातातला शिंजीर बघून जागीच थांबली.

"पावडर मारलीस तू?"

"तुमी मठात गेल्यावर," ती म्हणाली. "फडक्यात बांधून हापटली झाडावर. परळ ध्यानात न्हाई राहिलं वो. उद्या दोन घागरी पाणी वतून झाड धुणार व्हते. तुमाला कळलंसुदिक नसतं. पोराला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईना म्हनून..."

"कुणी दिली?"

"वीरभद्रप्पानीच. पोरगा दुकानापुढून येत व्हता, तर बोलावून हातात पुडा दिला म्हनं. बापाला सांगू नको म्हनले." मग त्याचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, "आवं पर आजची पत्री तर कालची हाय की! आज सोमवार हाय. आज कुटं बेलाला हात लावता तुमी?"

माणिकप्पानं वर बेलाच्या शेंड्याकडं बघितलं, आणि बसम्माला कळलं.

तिनं त्याचा हात धरला. "नका जाऊ. पुसलं असंल ना पान? काई व्हत न्हाई. पावडरीचं सांगाल, तर सोमवारचंबी सांगावं लागंल. कुणी उभं करणार न्हाई दारात."

"अव्वा पान खाती," माणिकप्पा म्हणाला, आणि पळत सुटला.

धोतराचा सोगा हातात, टोपी कुठं पडली पत्ता नाही. चौबाऱ्यातून, मोंढ्याच्या बोळातून तो पळत होता आणि सोमवारची, भस्म लावलेली माणसं वळून बघत होती. वीरभद्रप्पाच्या ओसरीवरून तो चपला न काढता थेट देवघरात शिरला. लक्ष्मम्माची पूजा आटोपली होती. तिनं पान तोंडात टाकलं होतं.

"थुंका, अव्वा! थुंका ते!"

म्हातारी दचकली. तिनं चावलेलं पान तळहातावर काढलं. "कडू लागलंच रे आज," म्हणाली.

घरातली सगळी धावली. माणिकप्पानं धापा टाकत सांगून टाकलं. बेलावर पावडर पडली आहे, पत्रीला कुणी हात लावू नका, अव्वाला मिठाचं पाणी पाजा. सुनांनी पाणी पाजलं, म्हातारी ओकली, भिंतीला टेकून बसली. आणि ओसरीवरची माणसं देवघराच्या दारात गोळा झाली.

"ईष घालतोस व्हय रे माझ्या आईला?" वीरभद्रप्पाचा आवाज फाटला होता. खरोखर घाबरला होता तो. आईवर जीव होता त्याचा.

"म्या न्हाई, मालक. बायकोनं मारली, मला न इचारता. पावडर तुमच्याच दुकानातली हाय. तुमीच दिलीत पोराजवळ."

सगळ्यांनी वीरभद्रप्पाकडं बघितलं. मोंढ्यात उभी हयात गेलेला माणूस, कुठला सौदा कुठं वळवायचा हे त्याला पक्कं ठाऊक.

"कवा मारली?" त्यानं विचारलं.

"काल राती."

"आन तू पत्री कवा तोडलीस?"

माणिकप्पानं खाली बघितलं. पायात चपला होत्या, देवघराच्या फरशीवर.

"रविवारची पत्री आळीनं खाल्ली, मालक."

"म्हंजी आज तोडलीस? सोमवारी? श्रावणातल्या सोमवारी?"

दारातल्या माणसांमधून एकच हूं उमटला. बघा, म्हातारीच्या पोटात विष गेलं होतं, त्याला असा हूं निघाला नव्हता. कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. एकानं आपल्या कपाळाचं भस्म चाचपलं. पावडरीचं नाव त्यानंतर त्या घरात कुणी काढलं नाही. वीरभद्रप्पानं तर नाहीच.

एकटी लक्ष्मम्मा भिंतीला टेकून बोलत होती, "येनू इल्ल, काई झालं न्हाई मला. त्यो पळत आला म्हनून वाचले. त्याला पाणी द्या कुणी तरी." पण ओकून ओकून तिचा आवाज बसला होता, आणि माणसांचा चढला होता.

त्या आठवड्यात घरं सुटत गेली. भांडून कुणी सोडलं नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. एक बाई म्हणाली, "आता आमच्याच परसात बेल लावलाय." तिच्या परसात माणिकप्पाला गेल्या पाडव्यापासून फक्त नळाचा खांब दिसत होता. दुसरीकडं दारच उघडलं नाही, आतून कडीचा आवाज मात्र आला. मठात जंगमस्वामी म्हणाले, प्रायश्चित्त घे. त्यानं घेतलं. पाच सोमवार निर्जळी बसला. मग स्वामी म्हणाले, "माझं काई न्हाई रे. पण घरं ज्यांची त्यांची."

वीरभद्रप्पाच्या दुकानात लातूरच्या गाडीनं पत्री येऊ लागली, प्लास्टिकच्या पिशवीत. हिरवीगार, तकतकीत, एक भोक नाही. माणिकप्पानं एकदा एक पान बोटांत धरून चोळलं. पिठासारखं लागलं. विकत घेणाऱ्या बाईला तो म्हणाला, "धून घे गं, माय."

"तुमी सांगता?" ती म्हणाली, आणि निघून गेली.

पावडर लागलेली सगळी पानं त्यानं त्याच आठवड्यात ओरबाडली होती आणि खड्ड्यात पुरली होती. श्रावणात बेल उघडा पडला. परळ फोडून नवं टांगलं, पण त्यातल्या पाण्याला कुणी तोंड लावलं नाही. सकाळी पुन्हा तीच शांतता. धुरपताबाईच्या मांडवावर दोडक्याची पिवळी फुलं यायची आणि गळायची. ती एकदाच म्हणाली, "गडी सोडून गेले, मामा." माणिकप्पानं मान हलवली.

एकदा बसम्मानंच विषय काढला, "तुमच्यासाठीच केलं व्हतं."

"ठाव हाय," तो म्हणाला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

विरूपाक्ष एकदा त्याला लातूरला घेऊन गेला. साहेबाला बोललो आहे, माळ्याची जागा निघेल म्हणाला. माणिकप्पानं ऑफिसाची बाग बघितली. कापलेलं गवत, ओळीत लावलेले क्रोटन, विटांना चुना. तो बराच वेळ उभा राहिला, कान लावून.

"हितं राहतंय कोण?" त्यानं विचारलं.

"कुटं?"

"ह्या झाडांत."

पोरानं कपाळावर हात मारला. माणिकप्पा रात्रीच्या मुक्कामालाही थांबला नाही.

मार्गशीर्षात लक्ष्मम्मा गेली. झोपेतच गेली, सुखानं. पण आदल्या दिवशी चार माणसांदेखत म्हणून ठेवलं होतं, मला माणिक्याचीच पत्री घाला. चार माणसांनी ऐकलेलं, टाळता येत नव्हतं. वीरभद्रप्पाचा माणूस किल्ल्यामागं आला आणि कुंपणाबाहेरूनच म्हणाला, "टोपलं भरून पत्री घेऊन बोलावलंय."

"आज वार कोनता?" माणिकप्पानं विचारलं.

"बेस्तरवार."

गुरुवार म्हटल्यावर तो झाडावर चढला. बेल पुन्हा फुटला होता. पालवी कोवळी होती, तांबूस. आणि दिवाळीच्या सुमाराला एक काळं-पिवळं फुलपाखरू कुठून तरी आलं होतं, एकच. दोन दिवस बेलाभोवती घुटमळून गेलं होतं. माणिकप्पानं पत्री तोडली तेव्हा पुष्कळ पानं कातरलेली निघाली. त्यानं ती मुद्दाम वर ठेवली. अव्वाला आवडली असती.

लक्ष्मम्माला खुर्चीवर बसवून आणलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, मान जराशी कललेली, जणू कुणाचं तरी बोलणं ऐकते आहे. तिला खड्ड्यात बसवलं. स्वामींनी मंत्र म्हटले. माणिकप्पानं टोपली पुढं केली.

वीरभद्रप्पा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. रडून त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं टोपलीतलं एक पान घेतलं आणि उन्हाला धरलं. भोक होतं. बाजूला टाकलं. दुसरं घेतलं, धरलं. हेही बाजूला. एकेक पान तो उन्हाला धरत होता. या वेळी कुणी हसलं नाही. सगळे उभे होते, तो निवडेपर्यंत.

"मालक," माणिकप्पा हलकेच म्हणाला, "अव्वाला भोकाची चालत व्हती."

वीरभद्रप्पानं वर बघितलं नाही. "आज न्हाई," तो म्हणाला.

धडकी तेवढी पत्री लक्ष्मम्माच्या अंगावर पडली. मग माती पडली. माणसं आंघोळीला गेली. माणिकप्पानं बाजूला टाकलेली पानं एकेक वेचून टोपलीत भरली आणि किल्ल्याच्या कडेकडेनं घरी आला.

कुंपणापाशी धुरपताबाई उभी होती. "लई परत आली की, मामा."

"हाव. अर्ध्याच्या वर."

टोपली खाली ठेवताना त्याला दिसलं, एका कातरलेल्या पानाखाली आळी होती. बोटाएवढी, हिरवी. जातायेता सगळी वाट तिथंच बसून आली होती, खड्ड्याच्या काठापर्यंत जाऊन. त्यानं बोट लावलं. तिनं तांबडी शिंगं काढली.

त्यानं ते पान तसंच उचललं, बेलापाशी नेलं आणि फांदीच्या काट्यात टोचून अडकवलं, पालवीला लागून, म्हणजे तिला पलीकडं जाता यावं. मग तिथंच उभा राहिला, ऊन येत होतं त्या बाजूला अंग करून, तिला सावली धरून.

बसम्मा दारात आली. "आंगुळीला पाणी काढलंय. जेवायला वाढू का मंग?"

आळी नव्या पानाच्या कडेला पोचली होती.

"थांब जरा," माणिकप्पा म्हणाला. "हिचं हून जाऊ दे."